पावलांची लिपी

तोंडावर मुखवटा चढला की नटाचा चेहरा संपतो. भुवया, डोळे, ओठ यांचा काही उपयोग उरत नाही. बारीक भोकांतून समोरचे जेमतेम दिसते, मान मोकळी फिरत नाही, म्हणून वळायचे तर अख्ख्या अंगाने वळावे लागते. अशा वेळी सोंग कोणाचे आहे हे सांगण्याचे काम पायांवर येऊन पडते. पिंपळनेरच्या पश्चिमेला साक्री तालुक्याचा डोंगरपट्टा सुरू होतो. एका अंगाने तो बागलाण-सुरगाण्याला आणि दुसऱ्या अंगाने गुजरातच्या डांगाला जाऊन भिडतो. या सगळ्या मुलखात होळीनंतरच्या रात्री पाय हे काम चोख करतात. मुखवट्यांच्या या सोंगांना कुठे भोवाडा म्हणतात, कुठे बोहाडा, डांगात भवाडा. संबळ घुमू लागतो, गणपती येतो, सरस्वती येते, मग देव-दैत्यांची रांग लागते. प्रत्येक सोंगाची वाजवायची चाल निराळी आणि त्या चालीवर पडणारे पाऊलही निराळे. जाणत्या माणसाला नुसत्या संबळावरून कळते की आता कोण येणार.

इतके ठरलेले, इतके नेमके असलेले हे पाऊल कुठे लिहून ठेवलेले नाही. ते त्या त्या घरातल्या माणसाच्या पायांत आहे. बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे ते बघता बघता येत राहिले. माणूस गेला, किंवा पुढची पिढी शिकायला गावात राहिली नाही, की मुखवटा घरात राहतो आणि चाल जाते. मला या लेखात एवढेच मांडायचे आहे की ही पावले लिहून ठेवता येतात. ती लिहिण्याची एक पद्धत तीनशे वर्षांपूर्वी सिद्ध झाली आहे आणि त्यासाठी लागणारी नजर आपल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना देता येते. ही पद्धत फ्रान्सच्या दरबारी नृत्यातून आली. त्या नृत्याला आज बरोक नृत्य म्हणतात. पिंपळनेरच्या मुलाने त्याचे प्राथमिक धडे घ्यावेत असे कोणी म्हटले तर नवल वाटेल. म्हणून आधी ते नृत्य आहे तरी काय, ते नीट पाहू.

१६५३ साली पॅरिसमध्ये रात्रभर चाललेल्या एका नृत्यनाट्यात चौदा वर्षांचा राजा चौदावा लुई उगवत्या सूर्याच्या वेशात नाचला. पुढे त्याला सूर्यराजा म्हणू लागले, त्यात या भूमिकेचा वाटा मोठा. १६६१ मध्ये त्याने तेरा नृत्यशिक्षक नेमून नृत्याची शाही अकादमी स्थापन केली. नाचता येणे ही त्या दरबारात हौसेची बाब नव्हती. उभे कसे राहावे, वडीलधाऱ्यांपुढे कसे यावे, कोणाला किती वाकावे हे सगळे नृत्यशिक्षकच शिकवत असे आणि माणसाची पायरी त्यावरून ठरे. लुईचा नृत्यशिक्षक पिएर बोशाँ. उभे राहण्याच्या ज्या पाच अवस्थांवर आजचे बॅले उभे आहे, त्या पक्क्या करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. नाच कागदावर उतरवण्याची रीतही मूळची त्याचीच. पण १७०० साली ती छापली राउल-ओझे फ्यये याने. बोशाँने तक्रार केली, वाद झाला, तरी छापील पुस्तक पुढे निघून गेले होते. १७०६ मध्ये जॉन वीव्हरने ते इंग्रजीत आणले आणि पॅरिसचा नाच लंडनच्या शिक्षकाला कागदावरून शिकता येऊ लागला.

या नृत्याची शिकवणी उभे राहण्यापासून सुरू होते. टाचा जवळ, चवडे बाहेर, दोन्ही पावलांत मिळून साधारण काटकोन. आजच्या बॅलेइतके पाय वळवायचे नाहीत. पाठ सरळ, खांदे सैल. मग चालणे. मग अभिवादन: टोपी कोणत्या हाताने उतरवायची, गुडघे किती वाकवायचे, नजर केव्हा खाली न्यायची आणि केव्हा वर आणायची. पिएर रामो या शिक्षकाचे १७२५ सालचे पुस्तक उघडले तर नाचाला हात घालण्याआधी कितीतरी प्रकरणे या उभे राहण्या-चालण्यालाच दिलेली दिसतात. ज्याला उभे राहता येत नाही त्याला नाचायला शिकवून उपयोग नाही, अशी त्यामागची पक्की समजूत आहे.

त्यानंतर येते या नृत्याची खरी गुरुकिल्ली, गुडघा वाकवणे आणि चवड्यावर उठणे. आपल्याकडे समेवर पाय जमिनीवर पडतो, घुंगरू वाजतात, सगळे वजन खाली जाते. बरोक नृत्यात वाकणे समेच्या आधीच उरकायचे असते आणि नेमके समेवर शरीर वर येते. दोन्हींत हिशेब तितकाच कडक, दिशा मात्र उलटी. आपल्या अंगात खाली जाणारी सम इतकी भिनलेली असते की वर जाणारी सम अंगी लागायला वेळ लागतो. आणि ती जमू लागली की पहिल्यांदा जाणवते की आपण आजवर समेला नक्की काय करत होतो. स्वतःच्या सवयीकडे बाहेरून पाहण्याची ही संधी मला या शिक्षणातला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

मिन्युएट हे त्या काळातले सर्वांत गाजलेले युगुलनृत्य घेऊ. संगीत तीन-तीन मात्रांचे. पण पावलांचे एक चक्र दोन खंडांत, म्हणजे सहा मात्रांत पुरे होते, आणि सहा मात्रांत पावले पडतात चार. पहिल्या मात्रेवर उजवे, तिसरीवर डावे, चौथीवर उजवे, पाचवीवर डावे. दुसरी आणि सहावी मात्रा पुढच्या उठण्यासाठी गुडघा वाकवण्यात जाते. आपल्या वाचकाला हे दादऱ्यावर करून बघता येईल. धा धिं ना, धा ती ना असे तोंडाने म्हणायचे आणि धा, ना, धा, ती या चार जागी पाय टाकायचा. संगीत तीन-तीन असे तुटते, पाय मात्र त्या सांध्यावरून पुढे निघून जातात आणि सहा मात्रांनी दोघे पुन्हा एकत्र येतात. त्या नाचाचा डौल या ताणातून येतो. दोन नाचणारे जमिनीवर इंग्रजी झेड अक्षराची वाट चालतात, तिरक्या रेषेवर एकमेकांना ओलांडतात, मग उजवा हात देऊन फिरतात, डावा हात देऊन फिरतात आणि शेवटी दोन्ही हात देतात. एवढाच आराखडा. त्यावर सगळ्या युरोपने शंभर वर्षे नाच केला.

आता हे कागदावर कसे येते ते पाहू. कागदाचे पान म्हणजे नाचाची जमीन. माथ्यावर त्या नाचाची स्वरावली लिहिलेली. खाली एक रेषा, ती नाचणाऱ्याची वाट. ती सरळ, गोल, तिरकी, जशी जमिनीवर तशी कागदावर. रेषेवर जागोजाग आडव्या छोट्या खुणा, त्या संगीताच्या खंडांशी जुळतात, त्यामुळे कोणत्या सुरावर माणूस कुठे असावा हे एका नजरेत कळते. वाटेच्या उजव्या-डाव्या बाजूला पावलाची चिन्हे. त्या चिन्हावर एक तिरपी रेघ असली तर वाकायचे, सरळ रेघ असली तर उठायचे, दोन सरळ रेघा असल्या तर उडी मारायची. पाय घसटत न्यायचा की उचलून, अर्धे वळायचे की पुरते, यालाही खुणा आहेत. हातांचे बहुतेक पानांवर काही लिहिलेले नसते. ते शिक्षकाकडून घ्यायचे. ही लिपी चिकाटीने बसले तर थोड्या दिवसांत वाचता येते. विसाव्या शतकात, १९२८ साली रुडॉल्फ लाबानने याहून सूक्ष्म लिपी दिली, तिच्यात बोटाची हालचालही लिहिता येते. पण ती हाताशी यायला दीर्घ अभ्यास लागतो. गावातल्या शाळेसाठी मला जुनी, साधी, जमिनीचा नकाशा काढणारी लिपीच जास्त उपयोगाची वाटते.

नाचाच्या जोडीला रंगमंचावरच्या हालचालीचेही शास्त्र त्या काळात बांधले गेले. म्युनिकचा जेझुइट शिक्षक फ्रान्सिस्कुस लांग याचे या विषयावरचे लॅटिन पुस्तक १७२७ साली निघाले. त्याने आयुष्यभर शाळकरी मुलांची नाटके बसवली होती. त्याचे सांगणे अगदी व्यवहारी आहे. दोन्ही पावले समांतर ठेवून उभे राहू नका, एक पुढे आणि थोडे बाहेर वळलेले असू द्या. प्रवेश केल्यावर आधी चाला, थांबा, मग बोला. हात बोलण्याच्या किंचित आधी उचला. हे वाचताना आपल्याला परके वाटत नाही, कारण भरतमुनींनी नाट्यशास्त्रात यासाठी एक अख्खा अध्यायच दिला आहे. त्यात पात्रागणिक चाल सांगितली आहे. उत्तम पात्राचे पाऊल चार कलांचे (कला म्हणजे काळाचे माप), मध्यमाचे दोन, अधमाचे एक, म्हणजे पात्र जितके थोर तितके पाऊल संथ. बत्तीस चारी, म्हणजे पायांच्या हालचाली, सांगितल्या, निम्म्या जमिनीवरच्या, निम्म्या आकाशातल्या. देवगिरीच्या यादवांच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्याचा सातवा अध्याय नृत्यावर आहे. देवगिरी खानदेशाच्या शेजारचीच. फ्रान्सच्या रंगमंचावर राजा संथ नाचतो आणि राक्षसगण झपाट्याने येतात. डोंगरातल्या भोवाड्यात गणपती-सरस्वती ठाय लयीत येतात आणि दैत्य आला की लय चढते. भरत, बोशाँ आणि भोवाड्याचा सोंगाड्या यांची एकमेकांशी गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण पायांनी पात्र उभे करायला निघालेली माणसे एकाच ठिकाणी येऊन पोचली.

मग एवढे शास्त्र घरात असताना फ्रान्सकडे कशाला जायचे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच रंगभूमीच्या इतिहासात आहे. तंजावरच्या मराठी राज्यात एकोजींचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होता, म्हणजे तो चौदाव्या लुईचा समकालीन. त्याने मराठीत नाटके लिहिली. त्यांत गाणे आहे, पात्रांचे नाचत येणे आहे. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतले एक नाटक मराठीतले आद्य नाटक म्हणून सांगितले जाते. संहिता सरस्वती महाल ग्रंथालयात जपली गेली. शंभर वर्षांनी त्याच गादीवर दुसरे सरफोजी आले, त्यांनी नृत्यासाठी मराठी रचना केल्या. त्याही छापून आल्या. पण त्या नाटकांत पात्र कोणते पाऊल टाकत आले, किती मात्रांत आले, कोणत्या वाटेने गेले, हे पाहायला आज एक पान नाही. लुईच्या दरबारातले पाऊल मात्र आज पुन्हा टाकून दाखवता येते. बुद्धी दोन्हीकडे सारखीच होती, फरक पडला तो जमिनीचा नकाशा आणि संगीत एका कागदावर आणण्याच्या युक्तीने.

पुढेही तेच झाले. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. सूत्रधार, गणपती, सरस्वती हा त्यांचा क्रम भोवाड्याच्या क्रमाशी मिळतो. राक्षस आरोळ्या ठोकत येत, म्हणून त्या नाटकांना अललडुर्रची नाटके हे नाव पडले. आरोळी आपल्याला ठाऊक आहे, पाऊल ठाऊक नाही. बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांत राहिला. त्यांच्या चालण्याने प्रेक्षागृह खिळून राही असे सांगणाऱ्यांनी पानेच्या पाने लिहिली, पण ती स्तुती आहे. तिच्यावरून कोणाला दोन पावले टाकता येणार नाहीत. मराठी रंगभूमीने शब्द जपला, सूर जपला आणि पाय सोडून दिला. ही खोड आजही कायम आहे. राज्य नाट्य स्पर्धेला किंवा एकांकिकेला उभ्या राहणाऱ्या तरुणाचे पाठांतर आणि आवाज दिग्दर्शक घासून घेतो, चालणे मात्र ज्याचे त्याने बघायचे असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले पडद्यावरचा नाच जशाच्या तसा उतरवतात, पण मंचावर यायचे कसे आणि नाच संपल्यावर जायचे कसे, हे कोणी शिकवलेले नसते, म्हणून गाणे थांबले की ती पळत सुटतात.

कागदाचे बळ कळते ते एखादी गोष्ट मेल्यावर. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दरबार गेला आणि त्याबरोबर हा नाचही गेला. शिकवणाऱ्यांची साखळी तुटली. दीडशे वर्षांहून अधिक काळ ते नाच कोणी मूळ रीतीने नाचले नाही. पण तीनशेहून अधिक नाच त्या लिपीत लिहिलेले शिल्लक होते. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती पाने काढली, रामोसारख्यांची पुस्तके शेजारी ठेवली आणि एकेक पाऊल टाकून पाहिले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅथरिन तुरोसी यांनी सहकाऱ्यासह बरोक नृत्याची मंडळी उभी केली. १९८० मध्ये फ्रान्सीन लान्सलो यांनी फ्रान्समध्ये तेच केले. १९८१ मध्ये वेंडी हिल्टन यांचा या नृत्यावरचा पायाभूत ग्रंथ निघाला. १९८७ मध्ये पॅरिसला लुईच्या दरबारातला संगीतकार ल्युली याचा ‘आतीस’ हा ऑपेरा या नृत्यासह रंगला, तेव्हा जुन्या नाचाकडे पाहण्याची लोकांची दृष्टीच पालटली. शिकवणारा एकही गुरू जिवंत नसताना एक परंपरा उभी राहिली. कागद नसता तर हे कोणालाही साधले नसते.

आपल्या डोंगरात साखळी अजून पुरती तुटलेली नाही. पण ती ताणली जाते आहे हे कोणालाही दिसेल. पावसाळा सरला की साक्री-नवापूरच्या डोंगरांतली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुले आश्रमशाळेत, वसतिगृहात. सोंगाचा मान एखाद्या घराकडे असतो आणि त्या घरातला तरुण सुरतेला कामाला असतो. सणाला येतो तेव्हा हाताशी एक-दोन रात्री. लग्नकार्यात संबळ-पावरीची जागा बँडने आणि डीजेने घेतली. बघत बघत शिकायला जो सहवास लागतो तोच कमी झाला. त्यात दोष त्या तरुणाचा नाही. पोट आधी येते. पण म्हणूनच, जोवर जाणते पाय आपल्यात आहेत तोवरच त्यांच्यासमोर बसून लिहून घेतले पाहिजे. फ्रान्सच्या अभ्यासकांना शंका आली की विचारायला कोणी नव्हते. आपल्याला विचारता येते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाइलचा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, चित्रफीत काढा, लिपी कशाला? चित्रफीत जरूर काढावी. पण एका माणसाने एका रात्री काय केले, एवढेच ती दाखवते. त्यातले चालीचे किती, त्याच्या दुखऱ्या गुडघ्याचे किती, गर्दी पुढे सरकल्याने जागा अपुरी पडली म्हणून झालेले किती, हे ती सांगत नाही. लिहायला बसले की निवड करावी लागते. निवड करायची तर त्या माणसाला विचारावे लागते: बाबा, इथे पाऊल मागे घेतलेच पाहिजे का, की आज घेतले? तो सांगतो, हे आमचे ठरलेले, ते मी माझ्या मनाने केले. चित्रफितीत हा संवाद घडत नाही. शास्त्र मात्र त्या संवादातूनच तयार होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिहिले की गोठते, जिवंत कला पोथीत जाते. पंडित भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवायला घेतल्या तेव्हा हेच म्हटले गेले. गाणे कागदात मावत नाही, हे खरेच आहे, आणि भातखंड्यांनाही ते ठाऊक होते. तरी त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढली, शेकडो बंदिशी त्यामुळे वाचल्या, आणि गाणारे पूर्वीसारखेच गुरूपुढे बसून गायला शिकत राहिले. कागदाने गुरूला हटवले नाही, गुरू नसलेल्या मुलालाही दार उघडून दिले. फ्ययेच्या पानावर हात लिहिलेले नव्हते, ही त्या लिपीची उणीव मानली जाते. मला त्यात शहाणपणही दिसते. सांगाडा कागदाने सांभाळावा आणि बाकीचे माणसाकडे ठेवावे. सुरांसाठी एका मराठी माणसाने जे काम करून ठेवले, ते पावलांसाठी करायचे राहून गेले आहे.

तिसरा आक्षेप हक्काचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा नाच कोकणा, भिल्ल, मावची अशा समाजांचा आहे. त्यात देव आहे, मान आहे, नवस आहे. बाहेरच्याने वही घेऊन यावे, लिहून न्यावे, शहरात जाऊन मंचावर करावे आणि नाव कमवावे, हे यापूर्वी झाले आहे आणि ते अन्यायाचे आहे. फ्रेंच लिपीच्या जन्मातही सत्तेचा हात होता. त्या पानाचा माथा म्हणजे राजाची जागा, नाचाची सगळी मांडणी त्याच्याकडे तोंड करून. आपल्याला ती मांडणी उचलण्याचे कारण नाही. भोवाड्यात माणसे चहूबाजूंनी असतात आणि सोंग वाजंत्र्यांच्या समोर नाचते. तेव्हा आपल्या पानावर खूण हवी ती संबळाची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लिहिणारा हात त्याच गावचा हवा. आणि जे लिहू नये असे गाव म्हणेल ते लिहू नये. मार्गशीर्षातला डोंगऱ्या देवाचा उत्सव हे व्रत आहे, पावरीच्या सुरावर धरलेले ते रिंगण मनोरंजनासाठी नसते. ते कागदावर येऊ नये असा निर्णय झाला तर तो शेवटचा मानावा. ज्याला लिपी येते त्यालाच काय लिहायचे आणि काय झाकून ठेवायचे हे ठरवता येते. लिपी न शिकलेल्या समाजासाठी हा निर्णय नेहमी दुसराच कोणी घेत आला आहे.

म्हणून माझा आग्रह लिपीच्या शिक्षणाचा आहे. मुलांना दरबारी पोशाख चढवून मिन्युएट नाचायला लावावे, असे मी म्हणत नाही. त्या नृत्याच्या प्राथमिक धड्यांत जी चौकशी आहे ती त्यांना द्यावी. वजन कोणत्या पायावर आहे? गुडघा मात्रेच्या आधी वाकतो की मात्रेवर? पाय टाचेवर पडतो, चवड्यावर की सपाट? वाट सरळ आहे की वळणाची, आणि एक फेरा किती आवर्तनांत पुरा होतो? एवढे चार प्रश्न विचारायची सवय लागली की मुलगा कोणताही नाच वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागतो. कानबाई देवीच्या विसर्जनाला बायका फेर धरतात, तिथेही त्याला पावलांचा हिशेब दिसू लागतो. ज्याला तो आजवर अडाणी नाच समजत होता त्यात किती कसोशी आहे हे त्याला स्वतःच्या मोजणीतून कळते. स्वतःच्या आजोबांविषयीचा आदर त्याला भाषणातून मिळाला नसता, तो असा मिळतो. नट व्हायचे असेल तर त्याच्या अंगाला ठाम उभे राहणे आणि सावकाश चालणे येते. कोणत्याही रंगमंचावर याहून मोठे भांडवल नाही.

धुळे जिल्ह्याला कागदाची किंमत शिकवण्याची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत राहिले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात त्यांचा वारसा सांभाळून आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. रुमालात बांधलेल्या मोडी कागदांतून इतिहास वाचवता येतो, ही गोष्ट महाराष्ट्राला ज्या मातीने दाखवली त्या मातीत पायांचा इतिहास लिहिल्यावाचून जाणार असेल, तर ती मोठी नामुष्की होईल.

काम अवाढव्य नाही. पिंपळनेर, साक्री, नवापूर या भागातल्या महाविद्यालयांत डोंगरातल्या गावांची मुले-मुली शिकतात. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यांच्यातल्या चार-पाच जणांना बरोबर घ्यावे. पावसाळ्यात पावले मोजण्याचा आणि वाट काढण्याचा सराव करून घ्यावा. होळीनंतर त्यांनी आपापल्या गावात, मान असलेल्या घराची परवानगी घेऊन, एक सोंग निवडावे, फक्त एक. संबळाची चाल बोलांत लिहावी, खाली वाट काढावी, वाटेवर पावले मांडावीत, आणि तो कागद सोंग घेणाऱ्याला वाचून दाखवून चुका दुरुस्त करून घ्याव्यात. कागदाच्या माथ्यावर गावाचे आणि मानकरी घराचे नाव असावे. एक प्रत त्या घरात, एक गावात राहावी, आणि गाव हो म्हणाले तर एक धुळ्याला जावी. वर्षाला एक सोंग झाले तरी पुरे. आता होळीला जे पाय नाचतील त्यांतले काही पुढच्या होळीला नसतील, तेव्हा वही या वर्षीच उघडावी.